नि, दे, ओ की गा? आधी क्रियापदाला विचारा

प्रश्न: मी पुण्यातल्या एका कंपनीत जपानी ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी झाली आहे, डिसेंबरमध्ये पुढची एन-३ द्यायची आहे. कांजी (जपानीत वापरली जाणारी चिनी चिन्हं) आणि शब्द बऱ्यापैकी येतात. पण जोशी, म्हणजे वा, गा, ओ, नि, दे हे अव्ययांसारखे छोटे शब्द काही केल्या जमत नाहीत. जपानमधले एक वरिष्ठ सहकारी माझे मेल तपासतात आणि बहुतेक वेळा तेवढेच बदलतात. मागच्या आठवड्यात ‘काइगिशित्सु नि उचिआवासे गा आरिमासु’ (मीटिंग रूममध्ये मीटिंग आहे) यातल्या ‘नि’चं त्यांनी ‘दे’ केलं. ‘तानाका-सान ओ आइमाशिता’ (तानाकांना भेटले) यात ‘ओ’च्या जागी ‘नि’ घातलं. आणि ‘वाताशि वा त्सुकुत्ता शिर्यो’ (मी तयार केलेली कागदपत्रं) यातल्या ‘वा’चं ‘गा’ केलं. मी मराठी विभक्तींचा तक्ता करून पाठ केला: ला म्हणजे नि, ने म्हणजे दे, त म्हणजे नि. तरी चुका होतातच. एन-५चं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून करू का? की हे मला कधीच येणार नाही?
– एक वाचक, चिंचवड

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. येईल, नक्की येईल. एन-५चं पुस्तक पुन्हा करायची गरज नाही. त्यातले नियम तुम्हाला माहीत आहेत, लिहिताना ते हाताशी येत नाहीत एवढंच, आणि तेच पुस्तक पुन्हा वाचून ते येणारही नाहीत.

तुमच्या तिन्ही चुका मी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. त्या एका जातीच्या नाहीत. पहिली मराठीमुळे झाली आहे, दुसरी माझ्या अंदाजाने इंग्रजीमुळे, आणि तिसरीचा विभक्तीशी संबंधच नाही. म्हणून एकच तक्ता तिन्हींवर चालत नाही.

तक्त्याची मूळ अडचण अशी की तो नामाला लागलेल्या प्रत्ययाकडे बघतो. ठरवतं मात्र क्रियापद. ‘मित्राला भेटले’ आणि ‘मित्राला पाहिलं’, दोन्हीकडे मित्र तोच आणि ‘ला’ही तोच. जपानीत पहिलं ‘तोमोदाचि नि आउ’ होतं, दुसरं ‘तोमोदाचि ओ मिरु’. मराठीतही हे क्रियापदच ठरवतं. मित्राला सांगतो, मित्राशी बोलतो, मित्रावर रागावतो. यामागचा नियम आपल्याला कुणी शिकवला नाही. क्रियापद आणि त्याचा प्रत्यय दोन्ही जोडीनेच कानावर पडत गेले. जपानी क्रियापदंही तशीच जोडीने घ्यायला हवीत. तुमच्या शब्दांच्या वहीत बहुधा ‘आउ = भेटणे’ असं लिहिलेलं असेल. ते खोडून ‘नि आउ = -ला भेटणे’ लिहा. पुढच्या प्रत्येक क्रियापदाला हाच नियम लावा. ज्या नोंदीत जोशी नाही ती नोंद अर्धवट समजा.

आता ‘तानाका-सान ओ आइमाशिता’कडे या. तुमचा तक्ता वापरला असता तरी ‘तानाकांना भेटले’ म्हणून तुम्ही ‘नि’च लिहिलं असतं, आणि ते बरोबर आलं असतं. मग ‘ओ’ आला कुठून? आपल्याकडे वापरली जाणारी बरीचशी पुस्तकं जपानी इंग्रजीतून समजावतात. इंग्रजीत ‘भेटणे’ या क्रियापदाला थेट कर्म लागतं, आणि कर्म दिसलं की हात ‘ओ’कडे जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मराठी माणसाला जपानीच्या दारापर्यंत थेट वाट आहे आणि आपण उगाच वळसा घालतो. सरांना विचारणे म्हणजे ‘सेन्सेइ नि किकु’. आईला फोन करणे म्हणजे ‘हाहा नि देन्वा सुरु’. कुणाशी लग्न करणे, कुणाशी भांडणे इथे आपल्या ‘शी’च्या जागी जपानी ‘तो’ बसतो: ‘तो केक्कोन सुरु’, ‘तो केन्का सुरु’. वेळेचंही तसंच. आपण ‘सात वाजता’, ‘सोमवारी’ म्हणताना शब्दाला काहीतरी जोडतो. ‘आज’, ‘उद्या’, ‘रोज’ यांना काही जोडत नाही. जपानीतही ‘शिचिजि नि’, ‘गेत्सुयोबि नि’, पण ‘क्यो’, ‘आशिता’, ‘माइनिचि’ नुसतेच येतात.

याहून मोठी देणगी म्हणजे आपली ‘मला’ची वाक्यं. मला आंबा आवडतो, मला कैरी आवडते. क्रियापद आंब्यामागे आणि कैरीमागे जातं, माझ्यामागे येत नाही. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आंबा आहे. जपानीतही आवडणाऱ्या वस्तूला ‘गा’ लागतो: ‘वाताशि वा मान्गो गा सुकि देसु’. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास ‘ओ’ लिहितात. मला जपानी समजतं (‘निहोन्गो गा वाकारु’), मला टेनिस येतं (‘तेनिसु गा देकिरु’), मला पाणी हवंय (‘मिझु गा होशी’), डोंगर दिसतो (‘यामा गा मिएरु’), आवाज ऐकू येतो (‘कोए गा किकोएरु’), पासपोर्ट लागतो (‘पासुपोतो गा इरु’). सगळीकडे तोच साचा. फक्त एक सांभाळा. ‘मला’तल्या ‘ला’चं भाषांतर ‘नि’ करून ‘वाताशि नि सुकि’ लिहू नका. तिथे सहसा ‘वा’ येतो.

‘गा’ आणि ‘ओ’ यांच्यात गोंधळ होत असेल तर मराठीतल्या क्रियापदांच्या जोड्या आठवा. पडणे आणि पाडणे, लागणे आणि लावणे, उडणे आणि उडवणे. जपानीत अशा जोड्या भरपूर आहेत. दिवा लागतो: ‘देन्कि गा त्सुकु’. दिवा लावतो: ‘देन्कि ओ त्सुकेरु’. तुमच्या कामातलं उदाहरण घ्या. ‘देता गा किएमाशिता’ म्हणजे डेटा उडाला. ‘देता ओ केशिमाशिता’ म्हणजे डेटा मी उडवला. ग्राहकाला कळवताना यांतलं कुठलं वाक्य जातंय हे पाठवण्याआधी दोनदा वाचा.

मराठी जिथे फसवते त्या जागा मोजक्या आहेत, पण तुमच्या रोजच्या मेलमध्ये नेमक्या त्याच येतात. तुमची पहिली चूक त्यांतली. ‘मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर आहे’ आणि ‘मीटिंग रूममध्ये मीटिंग आहे’, दोन्हीकडे ‘मध्ये’ आणि ‘आहे’. जपानीत दोन्हीकडे ‘आरिमासु’ असलं तरी प्रोजेक्टरच्या जागेला ‘नि’ लागतो आणि मीटिंगच्या जागेला ‘दे’. प्रोजेक्टर तिथे असतो, मीटिंग तिथे घडते. शंका आली की ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ घालून बघा. ‘मीटिंग रूममध्ये मीटिंग होणार आहे’ हे चालतं, म्हणून ‘दे’. ‘मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर होणार आहे’ हे कानाला खटकतं, म्हणून ‘नि’. क्योतोत उत्सव आहे, शाळेत परीक्षा आहे, हॉलमध्ये कार्यक्रम आहे, सगळे ‘दे’.

एखादी क्रिया जिथे चालते त्या जागेलाही ‘दे’च: ऑफिसात जेवते, पुण्यात काम करते. काही क्रियापदं मात्र स्वभावानेच ‘नि’ मागतात. राहणे म्हणजे ‘पुने नि सुमु’. नोकरीला असणे म्हणजे ‘गिन्को नि त्सुतोमेरु’. काम करणे म्हणजे मात्र ‘गिन्को दे हाताराकु’. बँकही तीच आणि माणूसही तोच, तरी जोशी बदलला. इथे नियम शोधत बसण्यापेक्षा वहीतली जोडी कामाला येते.

प्रवासाच्या क्रियापदांत ‘ओ’ अनपेक्षितपणे भेटतो. आपण गाडीतून उतरतो, घरातून निघतो, रस्त्याने चालतो. जपानीत ‘देन्शा ओ ओरिरु’, ‘इए ओ देरु’, ‘मिचि ओ आरुकु’. ‘रस्त्याने’तला ‘ने’ पाहून ‘मिचि दे आरुकु’ लिहायचा मोह होतो. पण ज्या जागेवरून तुम्ही पुढे जाता किंवा जी जागा सोडता, ती जपानीत ‘ओ’ घेते. पूल ओलांडणे, कोपऱ्यावर वळणे, आकाशात उडणे यांनाही ‘ओ’. गाडीत चढायला मात्र ‘नि’: ‘देन्शा नि नोरु’. आणि गाडीने जायला ‘दे’: ‘देन्शा दे इकु’. साधनाचा ‘ने’ आणि कारणाचा ‘ने’ बहुतेक वेळा ‘दे’ होतात. पावसाने गाडी उशिरा आली, तर ‘आमे दे देन्शा गा ओकुरेमाशिता’. पण ‘तानाकांनी पत्र लिहिलं’ यातला ‘नी’ कर्त्याचा आहे, त्याचा ‘दे’शी संबंध नाही. भूतकाळ आला म्हणून जपानीत कर्त्याचा जोशी बदलत नाही.

एक जागा तर थेट पैशांवर आणि मुदतींवर परिणाम करते. ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’, मराठीत दोन्ही ‘पर्यंत’. जपानीत थांबायला ‘किन्योबि मादे’ आणि पाठवायला ‘किन्योबि मादे नि’. जे काम त्या वेळेपर्यंत सतत चालू राहतं त्याला नुसता ‘मादे’. जे त्याआधी एकदा करून संपवायचं आहे त्याला ‘मादे नि’. मनातल्या मनात ‘शुक्रवारच्या आत’ असं म्हणून बघा. ते जमत असेल तर ‘नि’ जोडा. मुदतीचा प्रत्येक मेल पाठवण्यापूर्वी हे एक वाक्य तपासलंत तरी तुमच्या सहकाऱ्यांचं बरंच काम वाचेल.

आता तिसरी चूक, आणि तिच्यासोबत ‘वा’ आणि ‘गा’. यावर मला जास्त लिहायचं आहे, कारण विद्यार्थी सगळ्यांत जास्त इथेच हातपाय गाळतात.

‘वा’ हा विभक्तीसारखा नाहीच. गा, ओ, नि, दे हे क्रियापदाशी नामाचं नातं सांगतात. ‘वा’ सांगतो की आता आपण कशाबद्दल बोलतोय. जपानी व्याकरणकारही त्याला त्या चौघांपेक्षा वेगळ्या गटात ठेवतात. म्हणून ‘वा की गा’ असा थेट सामना लावू नका. जपानी व्याकरणाच्या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: ‘झो वा हाना गा नागाइ’. हत्तीचं म्हणाल तर, सोंड लांब. बोलणं हत्तीबद्दल आहे, म्हणून हत्तीला ‘वा’. लांब आहे ती सोंड, म्हणून सोंडेला ‘गा’. दोघं एकाच वाक्यात गुण्यागोविंदाने राहतात, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

मोमोतारोची लोककथा जपानी मुलं लहानपणीच ऐकतात. तिची सुरुवात साधारण अशी: ‘मुकाशि मुकाशि, आरु तोकोरो नि, ओजीसान तो ओबासान गा इमाशिता.’ फार पूर्वी, एका ठिकाणी, एक आजोबा आणि आजी होते. ‘ओजीसान वा यामा ए शिबाकारि नि, ओबासान वा कावा ए सेन्ताकु नि इकिमाशिता.’ आजोबा डोंगरावर सरपण आणायला गेले, आजी नदीवर धुणं धुवायला गेली. पहिल्या वाक्यात दोघं नव्यानेच येतात, आपण त्यांना ओळखत नाही, म्हणून ‘गा’. पुढच्या वाक्यात ती ओळखीची झाली, आता त्यांच्याबद्दल बोलायचं आहे, म्हणून ‘वा’. आपल्याही कहाण्या अशाच चालतात: आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा ‘एक राजा’, मग ‘तो राजा’. जिथे मराठीत मनात ‘एक’ किंवा ‘कुणीतरी’ येतं तिथे ‘गा’कडे झुका, जिथे ‘तो’ येतो तिथे ‘वा’कडे. ही दोन वाक्यं तोंडपाठ करा. एवढ्याशा जागेत असण्याचा ‘नि’, दिशेचा ‘ए’, जोडणारा ‘तो’, गा, वा, आणि ‘आणायला’, ‘धुवायला’ यातल्या ‘ला’सारखा हेतूचा ‘नि’, असं सगळं आलं आहे. सरावासाठी याहून चांगला उतारा मला सुचत नाही.

याखेरीज तीन गोष्टी जवळपास हुकमी आहेत. कोण, काय, कुठलं हे शब्द कर्ता असतील तर त्यांना ‘गा’च लागतो, ‘वा’ नाही. ‘दारे गा किमाशिता का’ असं कुणी विचारलं तर उत्तरही ‘गा’नेच: ‘तानाका-सान गा किमाशिता’.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमची चूक. मराठीत जिथे ‘-लेला’, ‘-णारा’ असं विशेषण होतं, म्हणजे मी तयार केलेली कागदपत्रं, त्यांनी पाठवलेला मेल, तिथे त्या तुकड्याच्या आतल्या कर्त्याला ‘गा’ द्या: ‘वाताशि गा त्सुकुत्ता शिर्यो’. (कधी कधी ‘नो’ही दिसेल, वाचताना दचकू नका, लिहिताना ‘गा’वरच राहा.) ‘आले की’, ‘आल्यावर’, ‘आले तर’ अशा तुकड्यांतही, तिथला कर्ता वेगळा असेल तर, ‘गा’. ‘तानाका-सान गा कितारा, ओशिएते कुदासाइ’, म्हणजे तानाका आले की मला सांगा. ‘वा’ हा सबंध वाक्याचा विषय असतो, वाक्याच्या पोटात दडलेल्या छोट्या वाक्याचा नसतो.

तिसरी गोष्ट जोडणीची. ‘वा’ किंवा ‘मो’ आला की ‘गा’ आणि ‘ओ’ जागा सोडतात; नि, दे, कारा, तो हे जागेवर राहतात आणि त्यांच्या मागे ‘वा’ लागतो: ‘निहोन दे वा’, ‘तोक्यो नि मो’. ‘जपानमध्ये तर’, ‘टोकियोलासुद्धा’ असं आपण म्हणतो तसंच.

‘तर’चा उल्लेख झाला म्हणून मेलमधली आणखी एक जागा दाखवते. ‘शिर्यो ओ ओकुरिमाशिता’ म्हणजे कागदपत्रं पाठवली, विषय संपला. ‘शिर्यो वा ओकुरिमाशिता’ म्हटलं की ‘कागदपत्रं तर पाठवली’ असा सूर लागू शकतो. वाचणाऱ्याला वाटतं, मग काय राहिलं? कोटेशन? काही राहिलेलं नसेल तर ‘ओ’च ठेवा.

लेखनाचं थोडक्यात. हे जोशी लिहिताना ‘वा’साठी ‘हा’, ‘ए’साठी ‘हे’ आणि ‘ओ’साठी ‘वो’ हे अक्षर वापरतात. १९४६च्या लेखनसुधारणेत बाकी लेखन उच्चाराजवळ आणलं, या तीन जागी जुनी रीत राहिली. ‘कोन्निचिवा’च्या शेवटीही तोच ‘वा’ आहे, म्हणून तिथेही ‘हा’ लिहितात. आणि मालिकांमध्ये ‘गोहान ताबेता?’ असं ऐकून गोंधळू नका. जवळच्या माणसांशी बोलताना जपानी लोक वा, गा, ओ सहज गाळतात. ग्राहकाच्या मेलमध्ये ते गाळू नयेत.

सरावाचं म्हणाल तर तुमच्याकडे सोन्यासारखी सामग्री आधीच आहे, ती म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांनी दुरुस्त केलेले मेल. ते जोशीवार लावू नका, क्रियापदवार लावा. दुरुस्त केलेलं वाक्य सबंध उतरवा, क्रियापदाखाली रेघ मारा, मोठ्याने वाचा. काही दिवसांनी त्याच वाक्यांतले जोशी झाकून भरा. तुम्हाला दिसेल की चुका मोजक्याच क्रियापदांभोवती घुटमळतात. कामात पुन्हा पुन्हा येणारी क्रियापदं तशी फार नसतात: पाठवणे, मिळणे, कळवणे, तपासणे, बदलणे, भेटणे, विचारणे. ती पक्की झाली की मेल बराच स्वच्छ होईल. मग एनएचके या जपानी प्रसारणसंस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या घ्या, एखादा परिच्छेद छापा आणि जोशी खोडून भरून बघा. उत्तर चुकलं तर ‘का’ असं विचारण्याआधी ‘इथे क्रियापद कुठलं’ असं विचारा. ‘वा’ आणि ‘गा’ला सगळ्यांत शेवटी हात घाला. त्यांची जाण वाचनातून हळूहळू येते, आणि दोघांची अदलाबदल झाली तरी वाचणाऱ्याला मतलब बहुधा कळतो. ‘मादे’ आणि ‘मादे नि’चं तसं नाही.

परीक्षेबद्दल. एन-३ला १८० पैकी ९५ गुण लागतात, शिवाय तिन्ही भागांत किमान १९. कांजी आणि शब्द चांगले असतील तर जोशींमुळे तुम्ही अडणार नाही. वाक्याचे तुकडे जुळवून ताऱ्याच्या जागी कुठला येतो ते ओळखायचा प्रश्न असतो, तिथे मात्र ‘-लेला’ आणि ‘गा’चा नियम उपयोगी पडेल. म्हणून अर्ज भराच. पण त्या परीक्षेत स्वतः लिहून दाखवावं लागत नाही, सगळे पर्याय समोर असतात. पास झाल्यावरही मेलमधल्या दुरुस्त्या काही काळ येत राहतील. त्या सहकाऱ्यांना आजच सांगून ठेवा, की दुरुस्ती करताना सबंध वाक्य परत पाठवा, नुसता बदललेला जोशी नको.